मामाच्या डाव्या हातावरचं घड्याळ

माझा मामा नाट्यगृहात पडदा ओढायचा. सव्वीस वर्षं. दोर ओढून ओढून तळव्यांना घट्टे पडलेले, पण पडदा असा अलगद सरकायचा की प्रेक्षकांना तो उघडल्याचं नंतर कळायचं. मग अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं. डावा हात मात्र मांडीवर परक्यासारखा पडून राहिला.

मला पहिलं मोठं काम मिळालं, तेव्हा मी त्याला घड्याळ घ्यायला नेलं. मामी सोबत होतीच.

दुकानदाराने दोन घड्याळं काढली. एक क्वार्ट्झ: चपटं, सोनेरी कडेचं, चामडी पट्ट्याचं, स्वस्त आणि देखणं. दुसरं पोलादी, जाडजूड, खेळाडूंच्या मनगटावर शोभेल असं ऑटोमॅटिक.

"याला सेल नाही," दुकानदार म्हणाला. "हात हलला की आतलं चाक फिरतं, त्यावर हे चालतं. हात थांबला की दीड दिवसात हेही थांबतं." मग त्याचं लक्ष मामाच्या हाताकडे गेलं. "साहेबांना... क्वार्ट्झच बरं."

"तेच म्हणते मी," मामी म्हणाली. "एकदा सेल घातला की दोन वर्षं बघायला नको."

मामाने पोलादी घड्याळ उचललं. "हे. डाव्या मनगटावर बांध."

"अहो, हट्ट कसला! बंद पडेल ना!"

"पडू दे. कळेल तरी."

तिसऱ्या दिवशी पडलंच. चावी देऊन चालू करता येत होतं, पण तो देऊ देईना. "ती कॉपी झाली." त्याने माझ्याकडून दाराच्या वर कप्पी ठोकून घेतली, दोराच्या एका टोकाला वाळूची पिशवी बांधायला लावली आणि दुसरं टोक डाव्या हातात घेतलं. बोटं वळत नव्हती. उजव्या हाताने एकेक बोट दोरावर बसवलं आणि ओढायला लागला.

घड्याळ चाललं! आठवडाभर चाललं. मग मामाला ताप आला, दोन दिवस तो अंथरुणातून उठला नाही. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर त्याने उजव्या हाताने डावं मनगट उचलून कानाला लावलं होतं. घड्याळ अजून टिकटिकत होतं.

"अगं, इकडे ये," त्याने मामीला हाक मारली. "माझ्या नावावर हात कोण हलवतंय?"

मामी ओट्याकडे वळली. "मी कशाला..."

"खरं सांग."

"तुम्ही झोपलात की मी घालते. भांडी घासताना. थोडाच वेळ."

मामा इतका हसला की खोकला आला. "म्हणजे आठवडाभर मी तुझ्या भांड्यांवर चालत होतो होय! आता हात लावायचा नाही."

त्यानंतर घड्याळ चार वेळा बंद पडलं. मामीचा जीव तुटायचा, पण ती शब्दाला जागली. उलट भांडी घासताना दोन्ही मनगटं वर करून दाखवायची: बघा, मोकळी आहेत!

परवा गेले तेव्हा मामा दारातच उभा. शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली.

"वेळ बघ."

"मामा, हे वीस मिनिटं मागे आहे."

"असू दे मागे. अकरा दिवस झाले, थांबलेलं नाही."

आतून मामीचा खणखणीत आवाज आला, "आणि मी हातसुद्धा लावलेला नाही!"