सारिकाच्या लग्नासाठी साठवलेले क्लिक

डिजिटल कॅमेरा किती टिकतो, हे सांगता येत नाही. आमचा अक्षता पडेपर्यंत टिकला.

तो टिकावा म्हणून मी जिवाचं रान केलं होतं! कॅमेऱ्याचे क्लिक मोजलेले असतात, असं कुठंतरी वाचलं आणि घरात फोटोंवर रेशनिंगच लावलं. (पोराच्या पहिल्या वाढदिवसाला दोनच क्लिक. त्यातल्या एकात पोरगं नाही, नुसता केक.) एरवी कॅमेरा कपाटात, बायकोच्या शालूच्या घडीत.

"अहो, वापरा की! मुरत घातलाय का?" बायको म्हणायची.

"झिजतो तो!"

मग लासूर स्टेशनच्या आत्याच्या सारिकाचं लग्न ठरलं. मी छाती फुगवून सांगितलं, फोटोग्राफर नको, मी आहे ना! सारिका म्हणाली, "दादा, अंतरपाट सरला की आम्ही हार घालू, तेवढा एक फोटो लई भारी पाहिजे."

"अगं, त्याच्यासाठीच तर क्लिक साठवलेत!"

मंडपात आधी मी मोबाईलवाल्यांना हाकललं. "ठेवा ती डबडी खाली! मधी येऊ नका!" पाहुणे बिचारे दबून बसले. माझ्या एका हातात उंच धरलेला कॅमेरा, दुसऱ्या हातात आत्यानं कोंबलेल्या ज्वारीच्या अक्षता. भटजींचं शेवटचं "सावधान" झालं, ताशा कडाडला, अंतरपाट सरला... आणि जन्माची खोड! सावधान ऐकलं की हात उठतोच. मी मूठ उधळली ती थेट माझ्याच कॅमेऱ्यावर! ज्वारी पुढं आलेल्या लेन्सच्या फटीत. बटण दाबलं तर कर्रर्र, आणि बंद!

हलवला. थापटला. डोळे मिटून फुंकर मारली. मान वर केली तर दोघांच्याही गळ्यात हार!

"थांबा! हार काढा, परत घाला!"

"गळ्यात पडलेला हार उतरवत असतेत व्हय?" नवरदेवाची आई कडाडली.

"दादा, आला ना फोटो?" सारिकानं विचारलं. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलंच. तिचे डोळे भरले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. लाजेनं पंगतीत दुसऱ्यांदा वरणसुद्धा मागितलं नाही.

शेवटी बायकोनं पर्समधून मोबाईल काढला. माझी नजर चुकवून तिनं एक फोटो घेतला होता. त्या क्षणाचा एकुलता एक! हार घालणारी जोडी मागं, धूसर. पुढं गाल फुगवून कॅमेऱ्यात फुंकणारा मी, लख्ख!

सारिकानं तो मोठा करून बैठकीत लावलाय. नवीन पाहुणा आला की फोटोकडं बघून हळूच विचारतो, "नवरदेवाला दमा हाय का?"