करडईची लाली

सोलापूरचा टॉवेल देशभर जातो. त्याच्या दोन्ही टोकांची दुमड कोण शिवते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. हेमावती ती शिवते. सकाळी नऊ ते सायंकाळी सहा, दिवसाला साडेतीनशे टॉवेल, म्हणजे सातशे दुमडी. सहानंतर ती घरी साबण, उटणे आणि केसांचे तेल तयार करते व प्रत्येक डबीवर तारीख घालते. नववी-दहावीला ती माझी विद्यार्थिनी होती. रसायनशास्त्रात तिला साठांच्या वर गुण कधी पडले नाहीत, परंतु प्रयोग संपल्यावर परीक्षानळी धुऊन उलटी ठेवणारी साऱ्या वर्गात ती एकटीच होती. आज ती शेहेचाळीस वर्षांची आहे. तिचे यजमान मालट्रकवर असतात, त्यामुळे महिन्यातले वीस दिवस घरात ती आणि तिच्या आई दानम्माबाई अशा दोघीच.

या सगळ्या उद्योगाचे मूळ दानम्माबाईंच्या कपाळावर आहे. बाजारातल्या टिकलीच्या गोंदाने तेथे प्रथम खाज सुटली, मग पुरळ आले आणि अखेरीस टिकलीच्याच आकाराचा एक पांढरा डाग कायमचा राहिला. डॉक्टरांनी टिकली आणि रंगीत कुंकू दोन्ही बंद केले. त्याला आता अकरा वर्षे झाली. दानम्माबाई विभूतीचे पट्टे तेवढे ओढतात.

"नवरा तिकडं मंद्रूपला धडधाकट शेती करतोय," असे त्या मला एकदा म्हणाल्या, "आणि मी हितं मोकळ्या कपाळानं. बाया तोंडावर काय बोलत न्हाईत, सर. कपाळाकडं बघतात आन् गप बसतात."

हेमावतीला म्हणूनच असा लाल रंग हवा होता, की जो झाडापानांतून निघेल आणि आईच्या कातडीला सोसेल. पुष्कळ खटपटींनंतर तिने हळद आणि पापडखार यांपासून एक लाल तयार केला. खोबरेल व मेण घालून त्याची लाली वळली. मी ती मनगटावर चोवीस तास ठेवून पाहिली. खाज नाही, आग नाही. ती लाली ओठांना लावून हेमावती कारखान्यात जाऊ लागली आणि तेथेच ती वैजयंतीच्या दृष्टीस पडली.

वैजयंती चित्रकार आहे. कलामहाविद्यालयात शिकून गावी परतलेली. कारखान्याने नापास केलेले चारशे टॉवेल तिने मागून घेतले होते आणि एका बंद गिरणीच्या शेडमध्ये ती ते तारांवर टांगत होती. प्रेक्षकांनी त्यांच्यामधून वाट काढत चालायचे, अशी तिची कल्पना. तिच्या जोडीला एजाज होता. त्याचे वडील यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर. त्यामुळे माग दुरुस्त झाला की नाही हे आवाजावरून ओळखायला हा मुलगा लहानपणीच शिकला होता. त्याने चालू मागांचे आवाज टिपून घेतले होते आणि त्यांच्यावर बारा जणांची हलगी बसवली होती. या बाराही जणांचे चेहरे संपूर्ण लाल असावेत, असे वैजयंतीच्या मनात होते.

"हेमाताई, तुमच्या ओठांवरचा हाच लाल मला हवा," ती म्हणाली. "ट्यूबमधला नको. ह्या गावातला हवा."

हेमावतीने घरी येऊन हे सांगितले तेव्हा मी तेथेच होतो. दानम्माबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अव्वा, आता तरी लावशील का कपाळाला?"

"बेड," दानम्माबाई म्हणाल्या. नको म्हणायचे असले, की त्यांना कन्नडच सुचते. मग म्हणाल्या, "असं कर. बारा बाप्ये उन्हात हलगी घुमवणार, घामानं निथळणार. कार्यक्रम संपंस्तोवर तुजा रंग टिकला आन् कुणाला खाज न्हाई सुटली, तर लावीन. न्हाईतर परत माज्या कपाळाचं नाव काढायचं न्हाई."

"दिला शब्द?"

"दिला की."

कार्यक्रम फेब्रुवारीच्या अखेरच्या रविवारी होता. त्याआधीच्या मंगळवारी दुपारी रंगीत तालीम झाली; हेमावती अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. बाराही चेहरे रंगवून झाले, तेव्हा शेडमध्ये असे काही तेज आले, की मीही खुर्चीवरून उठून उभा राहिलो. एजाजने मागांचा आवाज सुरू केला. हलग्या कडाडल्या. दहाव्या मिनिटाला घाम आला. विसाव्या मिनिटाला विश्रांती झाली आणि लिंबाचे सरबत आले. हलगीवाल्यांचा म्होरक्या सिद्धराम याने पेला एका दमात रिता केला आणि मनगटाने तोंड पुसले. त्याच्याकडे पाहून बाकीचे अकरा जण हसू लागले.

सरबत ओघळले होते तिथे त्याची हनुवटी पिवळीधमक झाली होती. कपाळावर घामाचे नारिंगी ओघळ उतरले होते.

"अक्का, हे काय केलंसा?" आरशात पाहून सिद्धराम म्हणाला. "घरी बायकू इचारंल, कुणाच्या हळदीला जाऊन आलासा म्हणून. काय सांगू?"

हेमावतीचा चेहरा उतरला. खरे तर दोष माझा होता. हळदीच्या कागदाचा प्रयोग मी सातवीच्या मुलांना अनेक वर्षे शिकवला: क्षाराने तांबडा, आम्लाने पुन्हा पिवळा. तरीही गार खोलीत, कोरड्या मनगटावर लाली तपासून मी तिला होकार दिला होता. घाम किंचित आम्लधर्मी असतो आणि लिंबू तर असतेच असते. मी तसे सर्वांसमक्ष सांगितले. त्याने रंग काही परत आला नाही.

"पुण्याहून मागवलेल्या ट्यूबा माझ्याकडे पडून आहेत," वैजयंती हळू आवाजात म्हणाली. "शनिवारी दुपारी बारापर्यंत थांबते, हेमाताई. पुढे माझा इलाज नाही."

हेमावती शेडच्या मागच्या बाजूस गेली आणि वाळत घातलेले टॉवेल गोळा करू लागली. हात रिकामे ठेवणे तिला जमत नाही. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली.

"सर, हा गुलाबी कुठनं आला?"

तिच्या हातात एक ओला टॉवेल होता. सगळा पांढरट, फक्त एका कोपऱ्यात तळहाताएवढा स्वच्छ गुलाबी.

"तो बिघडलाय," वैजयंतीने मागून सांगितले. "करडईच्या पाकळ्या त्यात बांधून पिवळा करायचा होता. पिवळा पाण्यातच वाहून गेला. म्हणून गाठोडं तसंच धुण्याच्या सोड्याच्या बादलीत टाकलं, तर ह्या लोकांनी उरलेलं सरबत त्यातच ओतलं. आत्ताच सोडून पिळलाय."

"लिंबाचं सरबत?"

"मग काय आंब्याचं, आत्ता?"

हेमावती सरबताच्या टेबलाकडे चालू लागली. चालता चालता धावू लागली. अर्धे लिंबू घेऊन आली आणि त्या गुलाबी कोपऱ्यावर तिने ते पिळले. हळदीचा लाल असता, तर त्याच क्षणी पिवळा पडला असता. हा अधिकच खुलला. तिने टॉवेल माझ्यापुढे धरला.

हेमावतीला बरोबर घेऊन मी माझ्या घरी गेलो आणि कॉलेजातले रंगद्रव्यांचे जुने पुस्तक काढले. करडईच्या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात सुटतो आणि वाहून जातो. लाल पाण्याला दाद देत नाही. तो क्षारात सुटतो आणि आम्ल पडताच पुन्हा प्रकट होऊन सुताला घट्ट धरतो. म्हणजे ज्या लिंबाने एक लाल मारला, त्याच लिंबाने दुसरा जन्माला येत होता. आणि धरून ठेवायला सूत हवे, तर ते सोलापुरात शोधावे लागत नाही. मी हे वाचून दाखवत असताना हेमावती दारात उभी राहून चप्पल घालत होती.

"कुठे निघालीस?"

"कारखान्यात. रजा सांगायला. सकाळच्या पहिल्या एसटीनं मंद्रूप."

मंद्रूपला तिच्या वडिलांच्या रानात ज्वारीच्या कडेने करडई होती. बुधवारी दानम्माबाईही बरोबर निघाल्या, तेव्हा मला आश्चर्य वाटले. पैज आपल्याविरुद्ध जावी म्हणून कोणी पहाटे उठत नाही. परंतु करडई कशी खुडायची, हे त्या घरात त्यांनाच ठाऊक होते.

"दव असंतोवर काटा मऊ असतो," त्या लेकीला म्हणाल्या. "ऊन चढलं की करडई कुणाची न्हाई. आन् पिवळं फूल सोड. सुकत आलेलं, तांबडं झालेलं तेवढंच घे."

वडील बांधावर बसून पाहत होते. "बी सोडून पाकळ्या न्यायला लागली म्हातारी," ते म्हणाले. "गाव म्हणंल, बायकू भुलली याची."

"तुमाला काय करायचंय? पिशवी धरा."

नऊ वाजेपर्यंत दोन पिशव्या भरल्या. चौघांची बोटे मात्र काट्यांनी भरली होती, चौथा मी.

गुरुवारी आणि शुक्रवारी हेमावतीच्या न्हाणीघरात जे चालले, त्याची नोंद मी वेळेनुसार ठेवली आहे. येथे थोडक्यात सांगतो. परातीत पाकळ्या घेऊन ती माठातल्या गार पाण्यात तुडवायची. पहिले पाणी हळदीसारखे पिवळे, पाचवे फिकट. नववे पाणी निवळ निघाले, तेव्हा पाकळ्या विटकरी दिसू लागल्या. मग पापडखाराचे पाणी. ते चहासारखे काळपट झाले आणि दानम्माबाईंनी नाक मुरडले. त्यात हेमावतीने धुतलेला कोरा टॉवेल बुडवला आणि लिंबे पिळायला सुरुवात केली. बुडबुडे आले. सातव्या लिंबाला पाण्याचा रंग पालटला. काळपटातून लाल असा वर आला, की आम्ही तिघेही परातीवर वाकलो आणि एकमेकांची डोकी आपटली. टॉवेलाने तो लाल पिऊन घेतला. तोच टॉवेल पुन्हा क्षारात, ते पाणी पुन्हा लिंबात, आणि सायंकाळी तळाशी जो साका बसला, तो गाळून तिने माझ्या चिनी मातीच्या वाटीत पसरला. भरला असेल एक चमचा.

शनिवारी सकाळी सात वाजता तिने मला बोलावून घेतले. ती जमिनीवर बसली होती आणि वाटी पुढ्यात होती. वाटीत लाल नव्हता. जिथे लाल पसरला होता, तिथे भुंग्याच्या पाठीसारखा हिरवा, चकाकता थर होता.

"गेला, सर."

"बुरशी हाय ती," दानम्माबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

मी वास घेतला. बुरशीचा नव्हता. पुस्तकात एक ओळ होती आणि ती मी मंगळवारी घाईत ओलांडली होती. "बोट ओले कर," मी म्हणालो, "आणि थराला लाव."

हेमावतीने करंगळी पाण्यात बुडवली आणि त्या हिरव्यावर अलगद टेकवली. करंगळी उचलली, तेव्हा तिच्या टोकावर लाल होता. डाळिंबाच्या दाण्याला असतो तसा, आतून उजळलेला. शुद्ध लालाचा जाड थर सुकला, की तो हिरवा चमकतो. ओळ एवढीच होती.

हेमावतीने ती करंगळी आधी आईला दाखवली, मग मला, मग खिडकीतल्या उन्हाला. नंतर लिंबू पिळले. लाल तसाच. कपाळाचा घाम बोटावर घेऊन चोळला. तसाच. ती हसू लागली, आणि मग तिला थांबता येईना.

साडेनऊला वैजयंती आणि एजाज आले. बाराही हलगीवाल्यांना मी दहाला बोलावले होते. प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूस एक ठिपका लावायचा, म्हणजे कार्यक्रमाआधी चोवीस तास पुरे होतील.

"पण एवढ्याशा रंगात बारा चेहरे?" वैजयंतीने वाटीत डोकावून विचारले.

"एजाज, तुझा तो आवाज लाव," हेमावती म्हणाली.

एजाजने मोबाईलवर मागांचा आवाज लावला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. "खट-खट, आणि मग गप. हे गप का?"

"धोटा सूत घेऊन पलीकडं जातोय ना, अक्का. तेवढा वेळ माग श्वास घेतो. हमारे अब्बा वही सुनते, बिघाड हाय का न्हाई."

हेमावतीने कुंचला ओला केला आणि एजाजच्याच चेहऱ्यावर कपाळाच्या मध्यभागी दोन बारीक उभ्या रेघा ओढल्या. मग नाक सारे मोकळे सोडून हनुवटीवर पुन्हा दोन. वैजयंती दोन पावले मागे सरली.

"महिनाभर मी बारा चेहरे लालभडक करायचे धरून बसले होते," ती म्हणाली. "हे जास्त बरं आहे. ट्यूबा परत पाठवते."

"मी कडा शिवते, ताई," हेमावती म्हणाली. "कमी जागेत काम करायची सवय आहे."

रविवारी चार वाजता शेड माणसांनी भरली. छताच्या फुटक्या काचांतून ऊन थेट वादकांवर पडत होते. दानम्माबाई पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि टॉवेलांकडे किंवा हलग्यांकडे न पाहता बारा कपाळे तपासत होत्या. चारशे टॉवेलांमधून मागांचा आवाज आला, हलगी त्यावर चढली, थांबली, पुन्हा चढली. घाम निथळू लागला. अर्ध्या वाटेवर सिद्धरामने मुद्दाम लिंबाचे सरबत मागवले, दानम्माबाईंकडे पाहत ते हनुवटीवरून ओघळू दिले आणि खांद्यावरच्या टॉवेलाने तोंड टिपले. टॉवेलावर फिकट गुलाबी उमटला. हनुवटीवरच्या दोन रेघा लालच्या लाल होत्या.

"काय अव्वा," तो ओरडला, "हळदीला न्हाई ना गेलो?"

"वाजव गप," दानम्माबाई म्हणाल्या. परंतु त्यांनी पदराने डोळे टिपले.

कार्यक्रम पाच वाजून दहा मिनिटांनी संपला. बारांपैकी कोणालाही खाज नव्हती; मी प्रत्येकाला विचारले. दानम्माबाई उठल्या, लेकीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी चोळीची बाही वर सारून हात पुढे केला.

"आदी हितं लाव. सरांचा नेम हाय न्हवं. उद्या बघू."

सोमवारी सायंकाळी साडेसहाला मी त्यांच्या घरी गेलो. कोपराची आतली बाजू पाहिली. तेथे फक्त ठिपका होता, बाकी काही नाही. दानम्माबाईंनी ओली करंगळी वाटीतल्या हिरव्यावर फिरवली आणि विभूतीच्या पट्ट्यांखाली टेकवली. पांढरा डाग टिकलीएवढाच होता. लाल त्यावर नेमका बसला. कडेला काही उरले नाही.

त्या आरशापुढून हलेनात. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. हेमावती पिठाचा डबा घेऊन दारात उभी होती.

"सर, तुम्ही तरी सांगा की हिला," ती म्हणाली. "सातला गिरणी बंद होते. दळण आणायला आज मी पण येते म्हणाली होती."

"येते की," आरशातूनच दानम्माबाई म्हणाल्या. "वाटंत बाया भेटतील. सावकाश जाऊ."