रविवारची प्रश्नसभा

धुळ्यात मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते, तेव्हाची ही हकिकत आहे. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गावातल्या एका वाचनालयाच्या दिवाणखान्यात दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता प्रश्नसभा भरायची. समोर दोन खुर्च्या असत. एकीवर पाहुणा बसे, कधी आमदार, कधी लोकल बोर्डाचा सभासद, कधी विरोधी पक्षाचा पुढारी. दुसरीवर प्रश्न विचारणारा. तासभर मुलाखत चाले, मग श्रोत्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या जात. आत जागा मिळाली नाही की लोक रस्त्यावर कर्ण्याखाली उभे राहून ऐकत.

सुरुवातीला एक वकील प्रश्न विचारत. एका रविवारी त्यांचा घसा बसला आणि ऐन वेळी मला खुर्चीवर बसवलं. पाहुणे आमदार होते. मी विचारलं, "निवडून आल्यावर आमच्या गल्लीत आपण कितीदा आलात?" ते म्हणाले, "पुष्कळदा." मी म्हणाले, "मग आमच्या गल्लीतला हौद कुठल्या कोपऱ्यावर आहे?" त्यांनी एक कोपरा सांगितला. आमच्या गल्लीत हौद नव्हताच. दिवाणखाना हसून हसून लोळायचाच बाकी राहिला. पुढच्या रविवारी वकिलांचा घसा बरा झाला होता, पण लोक माझं नाव घेऊन ओरडू लागले, आणि ती खुर्ची माझी झाली.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं. मी बोलावं म्हणून कोणी थांबलंय, असं तोवर माझ्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. आता दूधवाला शनिवारीच विचारायचा, "बाई, उद्या कोणाला धरणार?" मला ते आवडायचं. रविवारी दुपारी मी आरशासमोर उभी राहून प्रश्न म्हणून बघायचे. कुठे थांबायचं, कुठला शब्द हळू टाकायचा, याची तालीम करायचे.

मग नगरपालिकेची निवडणूक आली. आमच्या वॉर्डात दोघे उभे होते. एक कापसाच्या जिनिंग फॅक्टरीचे मालक. ते वाचनालयाचे उपाध्यक्ष होते आणि आमच्या शाळेच्या मंडळावरही होते. दुसरे एक पुस्तकबांधणीवाले. पन्नाशीचे, बुटके, बोटांना कायम खळ चिकटलेली. शाळेची हजेरीबुकं त्यांच्याकडेच बांधायला जात. बेचाळीसच्या चळवळीत ते तुरुंगात गेले होते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. दर पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेतलं झेंडावंदन त्यांच्या हातून होई. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, आठवीत होती. गाव त्यांना आबा म्हणायचं.

त्यांची मुलाखत ठरली त्या आठवड्यात जिनिंगवाल्यांनी मला बोलावलं आणि टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. आबांनी तुरुंगातून सुटण्यासाठी सरकारला लिहून दिलेल्या माफीची ती नक्कल होती. पुन्हा चळवळीत भाग घेणार नाही, असं तीत लिहिलेलं.

"लोकांना कळायला हवं," ते म्हणाले. "विचारायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

हा कागद त्यांच्याकडे कसा आला, हे मी विचारलं नाही. सगळ्यांना सगळं विचारणारी मी.

रविवारी आबा धुतलेला सदरा घालून आले. बायको आणि मुलगी बायकांच्या रांगेत बसल्या. अर्धा तास मी गटारं, दिवे, शाळा असं विचारत राहिले. ते जपून शुद्ध मराठीत उत्तरं देत होते. मग मी कागद काढला.

"आबा, तुरुंगातून आपण कसे सुटलात?"

ते माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले. नाकारतील, असं मला वाटलं होतं, आणि त्यासाठी पुढचे चार प्रश्न मी तयार ठेवले होते. ते म्हणाले, "माफी लिहून दिली."

मागून कुणीतरी शीळ घातली.

"का लिहून दिलीत?"

"मार सहन झाया नही," ते म्हणाले. शुद्ध बोलणं सुटलं होतं. घरातली अहिराणी तोंडात आली होती. शहरी मंडळी त्यावरही हसली.

"किती दिवस सहन केलात?"

त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. डोळे मिटले, बोटं मोजली. "दोन दिन."

इथे मी थांबायला हवं होतं. मला जे कळायला हवं होतं ते सगळं कळलं होतं. पण समोरची तोंडं माझ्याकडे वळलेली होती. मी आरशासमोर शिकलेला तो क्षणभराचा विसावा घेतला आणि म्हणाले, "म्हणजे देशासाठी दोन दिवस. मग नगरपालिकेसाठी किती तास धरायचे?"

आत हसू फुटलं, रस्त्यावर कर्ण्याखालीही फुटलं. माणसं मांड्यांवर थापा मारत होती. आबा तसेच बसून होते. त्यांची बायको उठली, मुलीचा हात धरून रांगेतून वाट काढू लागली. बायका गुडघे आवरत होत्या आणि हसतही होत्या.

आबांनी उमेदवारी मागे घेतली नाही. मतं फारशी पडली नाहीत. निवडणूक संपली तरी नाव मात्र राहिलं. पोरंसोरं, मोठी माणसंही त्यांना 'दोन दिवस' म्हणू लागली. दुकानाच्या फळीवर रोज कोणीतरी खडूने दोनचा आकडा काढायचं. आबा सकाळी फडक्याने पुसायचे. पुढे पुसायचं त्यांनी सोडून दिलं. वर्गात मी एकदा विचारलं, "पानिपतची लढाई किती दिवस चालली?" मागच्या बाकावरून आवाज आला, "दोन!" सगळा वर्ग खिदळला. त्यांची मुलगी पुढच्या बाकावर होती. तिने मान खाली घातली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी काय करते ते. मी फळ्याकडे वळले आणि लिहू लागले. महिन्याभरात तिचं नाव शाळेतून काढलं. मामाकडे दोंडाईच्याला पाठवली, असं कळलं.

त्यानंतर मी एकदा आबांच्या दुकानात गेले. निमित्त हजेरीबुकांचं होतं. ते दोऱ्याला मेण लावत बसले होते. मला बसायला स्टूल दिलं.

मी म्हणाले, "आबा, माझं चुकलं."

"काय चुकलं?" त्यांनी शांतपणे विचारलं. "माफी मी लिहेल होती. बठ्ठं खरं शे, सगळं."

"तरी..."

"तुम्ही विचारलं का लिहिली, ते बरोबर. किती दिवस, तेबी बरोबर. लोकांना कळायला पाहिजे." दोरा सुईत ओवून ते थांबले. "पण बाई, ते शेवटचं जे विचारलं, त्याचं मी काय उत्तर द्यावं असं तुमच्या मनात होतं?"

मी स्टुलावरून उठले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. हजेरीबुकं कागदात बांधून माझ्या हातात दिली.

यानंतर मी ती खुर्ची सोडली असती, तर ही हकिकत सांगायला जरा बरी वाटली असती. मी सोडली नाही. दोन महिन्यांनी नवे नगरसेवक म्हणून जिनिंगवाले पाहुणे आले. त्याच आठवड्यात शाळेच्या मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली होती आणि मंडळावर त्यांचा शब्द चालायचा. शाळांच्या इमारती, बागा, पाणी, असं मी विचारत राहिले. लोक जांभया देऊ लागले.

चिठ्ठ्या आल्या. चिठ्ठीवर कोणी सही करत नसे. एकीवर मात्र पूर्ण सही होती, आबांची. त्यांनी लिहिलं होतं, 'बेचाळीसमध्ये पोलिसांच्या गाड्या आपल्या जिनिंगच्या आवारात उभ्या असत. आम्हाला तिथेच मारलं. आपण तेव्हा कुठे होता?'

मी ती दोनदा वाचली. तो टाइप केलेला कागद कुठून आला असेल, ते मला त्या क्षणी समजलं. जिनिंगवाले माझ्या हाताकडे बघत होते. मी चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी घातली आणि म्हणाले, "वेळ संपत आला आहे. शेवटचा प्रश्न, बागेविषयी."

तेव्हा आबा मागच्या बाजूला उभे राहिले. "बाई, माझी चिठ्ठी..." एवढंच त्यांना बोलता आलं. कुणीतरी ओरडलं, "दोन दिवस! बसा, तुमचे दोन दिवस झाले!" मग सगळेच ओरडू लागले. टेबलावर घंटा होती. ती वाजवली की दिवाणखाना गप्प व्हायचा. लोक माझं ऐकायचे. मी घंटेवर हात ठेवला आणि वाजवली नाही. आबा थोडा वेळ उभे राहिले, ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. मग टोपी नीट करून ते बाहेर पडले. लोकांनी त्यांना हसत हसत वाट करून दिली.

उन्हाळ्यात त्यांनी दुकान बंद केलं आणि तेही दोंडाईच्याला गेले. जूनमध्ये मी मुख्याध्यापिका झाले. प्रश्नसभा पुढे तीन वर्षं चालली आणि दर रविवारी मीच खुर्चीवर होते. बाईंसारखं कोणाला विचारता येत नाही, असं लोक म्हणायचे.