शेळीचा आखूड पाय

माझी चित्रं असलेल्या एका पुस्तकात एक शेळी आहे. तिचा मागचा एक पाय आखूड आहे. थोडाथोडका नाही, चांगला डोळ्यांत भरेल इतका आखूड. पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची वेळ आली की मला फोन येतो. पूर्वी प्रकाशक स्वतः करायचे, आता त्यांची मुलगी करते. "अहो, तेवढा पाय नीट करून घेऊ का? कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम आहे." मी सांगते, पायाला हात लावायचा नाही. ती बिचारी फोन ठेवते. पुण्यातल्या म्हाताऱ्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे तिला वडिलांनी सांगून ठेवलेलं असणार.

चुका राहू देणाऱ्यांतली मी मुळीच नव्हते. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत मी तांब्याची डावी बाजू उजवीसारखी करत बसले, ती खोडरबराने कागदाला भोक पडेपर्यंत. पर्यवेक्षक मागून म्हणाले, "तांब्या गळका दिसतोय." पुढे चित्रकलेचं रीतसर शिक्षण झालं, पण सवय तीच राहिली. फक्त खोडरबराच्या जागी ब्लेड आलं. छपाईसाठी चित्र काढायचं म्हणजे तेव्हा जाड गुळगुळीत कागदावर काळ्या शाईने काढायचं. चुकलेली रेघ ब्लेडने अलगद खरवडायची, नाहीतर तिच्यावर पांढरा रंग लावायचा. माझं निम्मं आयुष्य खरवडण्यात गेलं असतं. एका दिवाळी अंकासाठी मी एक चित्र इतकं घोटलं की संपादकांनी निरोप पाठवला, 'चित्र उत्तम आहे. पुढच्या दिवाळीला वापरू.'

आई म्हणायची, "हिला पोळ्या लाटायला बसवा आणि जेवायला उद्या या."

मला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट अभिमानच होता. केसाएवढी रेघ काढणारा बारीक टाक माझ्यासारखा पुण्यात कुणी चालवत नाही, असं लोक म्हणायचे आणि मलाही ते पटलेलं होतं. अजूनही पटतं.

तर त्या सुमारास एकदा प्रकाशकांनी मला अप्पा बळवंत चौकाजवळच्या त्यांच्या दुकानी बोलावून घेतलं. एक निवृत्त शिक्षक होते. गावाकडच्या लहानपणाच्या गोष्टी ते वर्गात मुलांना सांगायचे, त्या त्यांनी लिहून काढल्या होत्या. आयुष्यातलं पहिलंच पुस्तक. "त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय," प्रकाशक म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, उपाय नाही. त्यांना हे पुस्तक दिसतंय तोवर हातात द्यायचंय. खरं सांगू का, तुम्हाला चित्रांचं काम द्यायची माझी हिंमत नव्हती. पण त्यांनी तुमचं एक चित्र मागे कधीतरी अंकात पाहिलं होतं. म्हणाले, चित्रं काढतील तर याच बाई. दिसतंय तोवर, बरं का."

"दिसतंय तोवर" हे शब्द मी नीट ऐकले. कोणत्याही शहाण्या माणसाने त्याचा अर्थ 'लवकर आटप' असा घेतला असता. मी उलटा घेतला. हा माणूस आयुष्यात स्वतःचं एकच पुस्तक डोळ्यांनी बघणार, तर त्यातली एकही रेघ वाकडी असता कामा नये, असं मी ठरवून टाकलं.

गोष्टींमध्ये सगळ्यात मोठी गोष्ट एका शेळीची होती. सरांच्या लहानपणी घरात असलेली, त्यांच्या मागे शाळेपर्यंत जाणारी. आम्ही तेव्हा हडपसरला राहायचो आणि घरामागच्या मोकळ्या जागेत शेळ्या चरायच्या. मी वही घेऊन तिथे जाऊन बसायला लागले. खूर कसे पडतात, मान वळली की कान कुठे जातो, सगळं टिपून घेतलं. रोज मला बघून शेळीवाली बाई वैतागली. "काय एवढं निरखून बघताय बाई? शेळी हाय ती, नवरी न्हाय."

पहिली चित्रं झाल्यावर मी ती पुठ्ठ्यात घालून बसने कोथरूडला गेले. सरांची जागा एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर होती. दार त्यांनी स्वतः उघडलं. उंच, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा सदरा. किटलीतला चहा माझ्या कपात ओतला, एक थेंब सांडला नाही. मला वाटलं, नजर अजून चांगली शाबूत आहे. मग मी शेळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी कागद जवळ घेतला, मान एका बाजूला कलती केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून कागदाच्या पलीकडे कुठेतरी बघावं तसं बघितलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्हाला पटलं की झालं."

पुण्याबाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही. आमच्याकडे 'बरं आहे' म्हणजे चांगलं, 'वाईट नाही' म्हणजे अप्रतिम, आणि 'ठीक आहे' म्हणजे घरी जा. त्यात ती कलती मान! मी तशीच परत आले आणि शेळी पहिल्यापासून काढायला घेतली. या खेपेला रेघ आणखी बारीक केली. अंगावरचा एकेक केस सुटा दिसेल अशी.

पुढच्या खेपेलाही कलती मान आणि 'ठीक आहे'. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. मला त्यांचा आदर वाटू लागला होता. माझ्याहून काटेकोर माणूस मला प्रथमच भेटला होता. प्रकाशक फोनवर ओरडायचे, मी त्यांना सांगायचे की सरांचंच समाधान होत नाहीये. उन्हाळा गेला, गणपती आले आणि गेले. रेघ बारीक होत होत अशी झाली की दिव्याखाली मलाच कागद तिरपा धरून बघावी लागायची.

सर मात्र वाट बघत होते. हे मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मी पुन्हा पुन्हा काढत होते. इतका उरफाटा न्याय!

मग एका सकाळी मी तीच शेळी, आता एखादं भरतकाम शोभावं अशी झालेली, घेऊन गेले. वर धूळ बसू नये म्हणून एक रद्दी कागद ठेवला होता. चित्रातले मोठे काळे भाग मी ब्रशने भरायची. त्याआधी ब्रशमधली जास्तीची शाई या असल्या कागदावर पुसायची. पुसता पुसता हात आपोआप काहीबाही काढतो. त्या कागदावर एक कावळा होता. पाच-सात जाड फटकारे, बास.

सरांनी माझ्या हातातून सगळंच उचललं. तो कागद सगळ्यात वर होता. "सर, तो कचरा आहे," मी म्हणाले आणि काढून घ्यायला हात पुढे केला. पण त्यांनी तो जवळ धरला होता. मान कलती झाली. बोट चोचीवर टेकलं, तिथून पाठीवर, पाठीवरून शेपटीकडे गेलं. आणि मी आजवर न पाहिलेली गोष्ट घडली. सर हसले.

"चोर आहे लेकाचा," ते म्हणाले. "पोळी पळवून आलाय आणि साळसूद उभा आहे. असाच यायचा आमच्या अंगणात."

मग त्यांनी खालचा कागद घेतला. माझी शेळी. मान पुन्हा कलती. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं आणि तिथे नेहमीचं सौजन्य आलं. "ठीक आहे," ते म्हणाले. आणि माझ्यासाठी लाडू आणायला आत गेले.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यांना बारीक दिसतच नाही हो आता. समोरचं मधलं सगळं पुसल्यासारखं होतं, म्हणून मान वाकडी करून कडेने बघतात. मी म्हटलं, सांगून टाका या बाईंना. तर म्हणाले, मुलगी एवढी मेहनत घेतेय, कागद कोरा दिसतो असं कोणत्या तोंडाने सांगू?"

मला रडू यायच्या आधी राग आला. आधी सरांचा, मग माझा. एवढे महिने मी एका माणसाला कोरे कागद आणून देत होते, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त कोरे.

सर लाडवाची बशी घेऊन बाहेर आले. मी सरळ विचारलं. आडपडदा ठेवायचा माझा स्वभाव नाही.

"सर, कावळा दिसला?"

"दिसला की."

"आणि शेळी?"

त्यांनी बशी टेबलावर ठेवली. "शेळी," ते म्हणाले, "चरायला गेली असावी."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी हसले, सरही हसले. मग मी विचारलं, "अजून किती दिवस दिसेल?" आमच्यात आता पुस्तकाबद्दल बोलण्यासारखं तेवढंच उरलं होतं. ते म्हणाले, "जाड अजून दिसतंय. डॉक्टर काही सांगत नाहीत. तुम्ही काढा."

घरी आल्यावर मी टाक धुऊन, पुसून पेटीत ठेवला. ब्लेड आईकडे दिलं आणि सांगितलं की पुस्तक होईपर्यंत मागितलं तरी द्यायचं नाही. आई म्हणाली, "भाजी चिरायला घेऊ का?" मग मी जाड ब्रश घेतला आणि स्वतःला एक नियम घालून दिला. पेन्सिल नाही. एका चित्राला एकच कागद. जे उमटेल ते पुस्तकात जाईल.

पहिल्या चित्राच्या वेळी मी ब्रश तीनदा शाईत बुडवला आणि तीनदा पुसून टाकला. परीक्षेला बसले तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. विहिरीचा काठ वाकडा आला. तो तसाच ठेवताना दात दुखावा तसं काहीतरी दुखलं. दुसऱ्या चित्रात बैलाचं शिंग लांबलं. पण तिसऱ्या-चौथ्या चित्रानंतर एक वेगळीच गंमत सुरू झाली. हात पुढे जायला लागला आणि मी त्याच्या मागे. एवढे दिवस बघून ठेवलेली जनावरं, माणसं, झाडं सगळी त्या ब्रशमधून भराभरा उतरायला लागली. ते बघणं वाया गेलं नव्हतं. खरवडणं तेवढं वाया गेलं होतं.

शेळी मी शेवटी ठेवली होती. पाठ एका दमात आली, मानही आली. त्या मानेची ऐट माझ्या एकाही बारीक शेळीत नव्हती. आता मागच्या पायाची रेघ ओढत होते, तेवढ्यात आतून आई ओरडली, "अगं, दूध!" मी दचकले. ब्रश वेळेआधीच कागदावरून उचलला गेला आणि खूर जिथे यायला हवा होता त्याच्या बराच वर आला.

गॅस बंद करून मी परत आले आणि त्या पायाकडे बघत उभी राहिले. थोडा पांढरा रंग, थोडी शाई, काम झालं असतं. रंगाची बाटली हाताशीच होती. मी झाकण उघडलंसुद्धा. पण मी मला ओळखत होते. आज पाय, मग त्याच्या जोडीने पोट, मग मान. पुढच्या दिवाळीला पुस्तक. आणि कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर एक माणूस, ज्याचं जाडही एक दिवस दिसायचं थांबणार होतं. मी झाकण घट्ट लावलं आणि शाई वाळायच्या आत साडी बदलून प्रकाशकांकडे निघाले. एवढा पराक्रम मी आयुष्यात दुसरा केलेला नाही, आणि हे मी अजिबात विनयाने सांगत नाहीये.

पुस्तक छापून झालं तेव्हा थंडी पडायला लागली होती. पहिली प्रत घेऊन मी आणि प्रकाशक एकदमच सरांकडे गेलो. सर खिडकीपाशी उजेडात बसले. पुस्तक हातात घेऊन त्यांनी आधी त्याचा वास घेतला. मग एकेक पान. मान कलती, बोट रेघेवर. विहिरीपाशी ते थांबले, बैलापाशी हसले. शेळीचं पान जवळ येत होतं.

ते आलं. सरांचं बोट शिंगांपासून निघालं. मानेवरून उतरलं, पाठीवरून हळूहळू गेलं. शेपटीला वळसा घालून मागच्या पायाशी आलं. तिथे थांबलं. परत वर गेलं, परत खाली आलं. त्यांनी पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं.

"अहो," ते म्हणाले, "हिचा हा पाय आखूड आहे."

"अहो, काय हे!" काकू कळवळून म्हणाल्या. प्रकाशक खोकले. आणि मी तिथेच, चहाचा कप हातात धरून, लहान मुलीसारखी रडायला लागले. माझ्या चित्राबद्दल इतकं चांगलं कुणीही कधी बोललेलं नव्हतं, आणि नंतरही बोललं नाही.

"हो सर," मी म्हणाले. "आखूडच आहे."