नवरीसाठी आणलेले नवे ब्रश

मी सोलापुरात घरच्या घरी नवरींचा मेकअप करते. गेल्या उन्हाळ्यात मैंदर्गीची एक मुलगी ट्रायलला आली. तिच्या ओठांभोवती कोडाचे पांढरे डाग होते. सासरी सगळ्यांना ते ठाऊक होतं, तरी मेकअप संपेपर्यंत तिनं आरशात पाहिलं नाही. निघताना ती हळूच म्हणाली, “ताई, ब्रश लगेच धुवा.”

“अगं, कोड लागत नाही.”

“मला म्हाईत हाय की. लोकांस्नी न्हाय.”

ती गेल्यावर मी नेहमीसारखी ब्रश धुवायला बसले. तळहातावर बेबी शॅम्पू घेऊन ब्रशचे केस हलकेच चोळले. दांड्यात पाणी शिरू नये म्हणून टोकं खाली धरून ते खळबळले आणि गॅलरीत टॉवेलवर आडवे वाळत घातले.

माझ्या सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “टाकून दे ते.”

“आई, सगळ्यांचे ब्रश मी असेच धुते.”

“सगळ्यांची गोष्ट वेगळी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल रिकामा होता. त्यांनी ब्रश घंटागाडीत टाकले होते. मी खूप भांडले. त्या ऐकून घेत भाजी निवडत राहिल्या.

लग्नाच्या दिवशी मी नवे ब्रश घेऊन मैंदर्गीला गेले. पेटी उघडताच तिची नजर त्यांच्यावर पडली.

“जुने टाकले व्हय?”

“मी नाही टाकले गं,” मी म्हणाले.

कुणी टाकले, ते तिनं विचारलं नाही. डोळे मिटून तिनं चेहरा पुढं केला. मी नवा ब्रश उचलून तिच्या ओठांभोवती टेकवला.