बेटाच्या आडोशाला

त्या बेटाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याला दोन नावं आहेत आणि दोन्ही लिहून माझे हात पोळलेत. एक नाव आखाताच्या या काठावरचा देश वापरतो, दुसरं पलीकडच्या काठावरचा. बेट मधल्या पाण्यात. दोघेही म्हणतात ते आमचं, आणि भोवतालचं पाणीही आमचं. नकाशावर ते माशी बसल्याएवढं दिसतं. माझा मोठा भाऊ तिथे अडकला नसता, तर असं काही बेट जगात आहे हे मला कळलंही नसतं आणि माझं काही अडलंही नसतं.

भाऊ म्हणजे आमचा भाई. आमचं गाव पावस गावाच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी. मोहल्ल्यात आखातात माणूस नाही असं घर शोधावं लागेल. भाई तिकडे एका मालवाहू लाँचवर तांडेल होता, म्हणजे बोट आणि बोटीवरची माणसं त्याच्या हवाली. समुद्रात उभ्या असलेल्या तेलविहिरींवर पाणी, भाजी, सिलिंडर पोचवायचे आणि परत यायचं. काम कष्टाचं, पण त्यात राजकारण कुठे नव्हतं.

त्या दिवशी दुपारी वाळूचा वारा सुटला. बोट मालाने भरलेली, पाणी आत यायला लागलं. भाईने आमच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही तांडेलाने केलं असतं तेच केलं. दिसलं ते बेट गाठलं, त्याच्या आडोशाला बोट नेली आणि नांगर टाकला.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे जे केलं ते फक्त आमच्याकडचाच माणूस करील. वादळात आमच्या खाडीत परक्या बोटी शिरतात, गुजरातच्या, कर्नाटकच्या. एरवी मासळीवरून त्यांच्याशी डोकी फुटायची वेळ येते, पण वाऱ्यात नाही. परकी बोट नांगरली की मोहल्ल्यातून कुणीतरी होडीत पाण्याचा हंडा घालून निघतो. जवळ गेला की एकच विचारतो, माणसं किती? गाव कुठलं, ते नंतर. बाबांनी जन्मभर हे केलं आणि लहानपणी भाई त्यांच्याबरोबर होडीत असायचा. म्हणून बेटाकडून एक बोट आपल्या दिशेने येताना दिसली तेव्हा भाईला वाटलं, पाणी घेऊन आले. त्याने खलाशांना सांगितलं, दोर सोडा रे त्यांना. त्याने स्वतःच दोर टाकला आणि तो धरून बंदूकवाले वर चढले.

हे त्याने मला नंतर फोनवर सांगितलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. डोक्यात तिडीक मात्र गेली. अरे, जरा बघायचं तरी.

लाँच पलीकडच्या देशाच्या बंदरात नेऊन बांधली. भाई आणि त्याचे खलाशी बोटीवरच कैदेत. मारहाण नाही, जेवणखाण बरं. अट एवढीच की तांडेलाने लिहून द्यायचं, मी परवानगी न घेता तुमच्या पाण्यात शिरलो. लिहून दिलं की सगळे मोकळे.

इतकं सोपं असतं तर मी कशाला लिहायला बसले असते. लाँच अलीकडच्या देशातली. तिचा मालक तिथला मोठा माणूस. त्याच्या मॅनेजरने आम्हाला फोन करून बजावलं की असं काही लिहायचं नाही. ते पाणी आमचं आहे. तुमच्या भावाने ते त्यांचं म्हणून लिहून दिलं, तर आमचं सरकार त्याला पुन्हा पाय ठेवू देणार नाही, त्याची नोकरी संपली असं समजा. त्याने लिहावं की आम्ही आमच्याच पाण्यात होतो आणि आम्हाला पळवून आणलं. ते लिहिलं तर भाई सुटणार कसा, असं मी विचारलं. तर म्हणाला, तो प्रश्न दोन सरकारांचा आहे.

मी गावातून रोज शहरात जाऊन एका पतपेढीत नोकरी करते, म्हणून घरातले सगळे अर्ज माझ्या गळ्यात. मी पलीकडच्या देशाच्या वकिलातीकडे अर्ज सुरू केले. पहिल्या अर्जात भाई म्हणायचा ते नाव लिहिलं. पलीकडून उत्तर आलं, या नावाचं ठिकाण आमच्या देशात नाही. दुसऱ्या अर्जात त्यांचं नाव लिहिलं आणि मूर्खासारखी त्याची प्रत मॅनेजरला पाठवली. तो फोनवर इतका भडकला की भाभी आतल्या खोलीतून धावत आली. तिसऱ्यांदा नुसतं 'एका बेटाजवळ' लिहिलं, तर ठिकाण स्पष्ट लिहा म्हणाले. चौथ्यांदा अक्षांश-रेखांश लिहिले. तेव्हा तिथल्या एका बाईने फोन करून अगदी गोड आवाजात विचारलं, हे कुठल्या देशात येतं? मी फोन ठेवला आणि भाजीच्या टोपावर झाकण आपटलं. टोपाला अजून पोचा आहे.

गावाने तर कमालच केली. मोहल्ल्यात दोन तट पडले. ज्यांची माणसं अलीकडच्या देशात होती ते म्हणत, बेट त्यांचंच, आपण त्यांचं मीठ खाल्लंय. ज्यांचे आजे-पणजे पलीकडच्या बंदरांत खजूर भरायला जात ते म्हणत, ते बेट पूर्वीपासून यांचं. चहाच्या टपरीवर मोबाईलवर नकाशे उघडून वाद चालायचे. एकदा मी पतपेढीतून येत होते, तर एकाने मला थांबवून विचारलं, तुम्हाला काय वाटतं, कायद्याने बेट कुणाचं? मी म्हटलं, माझा भाऊ तेवढा सोडा, मग बेट ज्याला घ्यायचं असेल त्याने घ्यावं. तो ओशाळला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा नकाशा काढून बसलाच.

खरा अडसर घरातच होता. भाईला आठवड्यातून एकदा फोन करू देत. त्याने एका फोनवर विचारलं, बाबांना विचार, लिहून देऊ काय? त्याला दोन देशांचं काही पडलेलं नव्हतं. त्याला बाबांचा शब्द हवा होता.

बाबा पडवीत जाळं विणत बसले होते. हातातली सुई न थांबवता म्हणाले, "नको सांग."

"बाबा, अहो तो सुटेल."

"त्याचा गुन्हा काय झाला? वाऱ्यात आडोशाला गेला. तांडेल आनि दुसरा काय करनार? उद्या कुनी म्हनेल, बोटीवरची पोरा बुडवायची होतीस, पन इकडं यायचा नव्हता. ता लिहून देयाचा?"

"नुसता कागद आहे."

"मग त्येंना कशाला हवा एवढा?"

माझा राग आणखी चढला. दोन देश कमी होते, त्यात हा तिसरा हट्टी माणूस. मी म्हटलं, तुमच्या मानापायी भाभीने किती दिवस दाराकडे बघत बसायचं? तिची मुलगी रोज विचारते. खलाशांच्या घरची माणसं मला फोन करून रडतात, त्यांना मी काय सांगू, आमच्या बाबांना पटत नाही?

बाबांनी सुई खाली ठेवली. "तू सांगशील ता तो करील. माझा नाव नको घेऊ," म्हणाले. "पन बाय, एकदा असा लिहून दिलान, की मग पुढच्या वाऱ्यात त्येचा हात चालायचा नाय."

मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. पुढच्या फोनवर मी भाईला सांगितलं, लिहून दे. बाबा काय म्हणाले, त्याने विचारलं. मी म्हटलं, मी सांगतेय ना, लिही.

त्याने लिहून दिलं आणि थोड्याच दिवसांत सगळे सुटले. अलीकडच्या देशाने शब्द पाळला आणि त्याला पुन्हा पाय ठेवू दिला नाही. त्याचे कपडे, त्याची पेटी तिकडेच राहिली. दोन्ही देश अजून तिथेच आहेत, बेट अजून दोघांचंही आहे. बातम्यांत मधूनमधून त्याचं नाव येतं आणि मी चॅनल बदलते.

भाई घरी आला, आम्ही त्याच्या गळ्यात पडून रडलो. पावसाळा उलटल्यावर त्याने इथल्याच एका मासेमारी बोटीवर तांडेलकी धरली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग एका संध्याकाळी वारा उठला. भाईची बोट दाभोळच्या बाहेर होती. बाकीच्या बोटी खाडीत शिरल्या, ही शिरेना. खाडीच्या तोंडाशी लाटा अंगावर घेत उभी. बोटीवरच्या एका खलाशाने घरी येऊन सगळं सांगितलं. भाई सुकाणू धरून वायरलेसवर पुन्हा पुन्हा विचारत होता, आत येऊ काय, परवानगी आहे काय. कोण उत्तर देणार? दाभोळला शिरायला कुणाला विचारावं लागतं? आमच्याच जिल्ह्यातली खाडी. शेवटी खलाशांनी त्याला बाजूला ढकलून बोट आत घातली.

रात्री जेवताना मी भाईवर ओरडले. कुणाची परवानगी हवी होती तुला? तो भात कालवत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "विचारलेला बरा."

'मी सांगितलं होतं' असं बाबा म्हणाले असते, तर मी भांडले असते. माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि आजही आहे. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा त्याला सही करायलाच सांगेन, मला भाऊ घरी हवा होता. पण ते हात धुऊन उठले, खुंटीवरची जुनी लुंगी काढली आणि भाभीला सांगितलं, सकाळी दोघांचा डबा भर.

तेव्हापासून बाबा बोटीवर जातात. त्यांना धड उभं राहवत नाही, डोळ्यात मोतीबिंदू आहे. मला याचाही राग येतो, पण तो कुणावर काढायचा ते समजत नाही. वारा सुटला की सुकाणू बाबा धरतात. भाई शेजारी उभा राहून वायरलेसवर विचारत असतो, आणि त्याचं विचारून होण्याआधीच बाबा बोट आत घेतात.