ठिणगीने टाचलेले पडदे

ठिणगी हे नाव तिला आमच्या नाटक कंपनीने दिलं. तिचे वडील आमचे प्रकाशयोजनाकार. प्रयोग चालू असताना ही पोर विंगेत त्यांच्या पायाशी स्टुलावर बसायची आणि पांढऱ्या उजेडातल्या प्रवेशाला टाळ्या पडल्या की तोंड फुगवायची. कारण काय, तर बाबांचा खरा जीव निळ्या उजेडावर होता. टाळ्या त्याला पडायला हव्या होत्या. एकदा कुणी चिडवलं म्हणून ती अशी काही उसळली की खलनायकाचं काम करणारे आमचे गृहस्थ दोन पावलं मागे सरले. म्हणाले, "ही पोरगी नाही रे, ठिणगी आहे." ते नाव पुढे तिच्याबरोबर सासरी गेलं, आणि सासरच्यांनाही ते लगेच पटलं.

बापाचा हात तिच्यात उतरला. ती दिव्यांच्या शेड बनवते. तार वाकवून सांगाडा करायचा, त्यावर कापड ताणायचं, कडेने डिंक लावून ते चिमट्यांनी धरून ठेवायचं आणि वाळेपर्यंत त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. यातलं शेवटचं तिला कधी जमलं नाही. पण तिची एक शेड माझ्या पलंगाशी आहे, आणि तिच्याखाली आरशात पाहिलं की मला अजून एखाद्या नायिकेचं काम मिळेल असं वाटतं. आणखी काय स्तुती करू?

माझ्या खोलीच्या बरोबर खाली तिच्या सासूबाईंचं दुकान. अरुंद आणि खोल. पुढे रस्त्यावर उघडणारी मोठी काचेची खिडकी, आणि मागे जावं तसा दुपारीसुद्धा अंधार. तिथे सासूबाई वर्षानुवर्षं कापड विकत होत्या. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी दुकान दोन्ही सुनांना दिलं. मोठीचे दिवे, धाकटीचे पडदे. भिंत घातली नाही, पण खिडकी एकच होती. सासूबाईंनी निकाल दिला की वर्षभर खिडकी दोघींनी वापरायची, आणि वर्षाअखेरीस ज्या मालाचं नाव घेत जास्त गिऱ्हाईक येईल, खिडकी त्या सुनेची. दुसरीने मागे बसायचं आणि तोंड वाकडं करायचं नाही. मग त्या स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसल्या. आत येईल त्याला एकच प्रश्न: "कुणाकडे?"

दिव्यांना खिडकी म्हणजे रंगमंच. मागे बसलेला दिवा कुणासाठी लागणार? ठिणगीची झोप उडाली.

धाकटीने पहिल्याच महिन्यात फोनवर एक ॲप घेतलं. तिथे माणसं गप्पा मारायला जात नाहीत. घर कसं लावावं, कपाट कुठे ठेवावं हे चित्रांत शोधायला जातात, आणि आवडलेलं चित्र आपल्या फळ्यावर टाचून ठेवतात. धाकटीचा कारभार आटोपशीर. सोमवारी दुकान बंद. त्या सकाळी खिडकीचं ऊन आत येईपर्यंत ती आठवड्याचे सगळे पडदे एकामागून एक दांडीवर चढवायची, फोटो काढायची, खाली "निळा, जाड, अस्तरासह" एवढंच लिहायची आणि रोज एक फोटो आपोआप ॲपवर चढेल अशी तजवीज करून फोन पिशवीत टाकायची. मग आठवडाभर शिवणयंत्र. आमच्या जुन्या नाटकांसारखं होतं ते. एकदा नीट बसवलं की वर्षानुवर्षं कुठे ना कुठे प्रयोग लागतच असतो. महिन्यांपूर्वीचा फोटो बघून आज कुणीतरी दारात उभं राहायचं.

"कुणाकडे?"

"पडद्यांकडे."

हे दोन शब्द कानावर पडले की मागे ठिणगीच्या हातातला चिमटा वाकायचा.

तिनेही ॲप घेतलं. पण ती पडली कलावंताची लेक. सकाळी एक फोटो, दुपारी एक, संध्याकाळी दिवा लावून एक. प्रत्येकाखाली काव्य. मला गालावर हात ठेवून शेडशेजारी बसवलं आणि खाली लिहिलं, "आठवणींचा मंद उजेड." मी खूश झाले, खोटं का बोलू? पण त्या फोटोवरून एक माणूस आलं नाही. आठवणींचा मंद उजेड शोधायला फोन उघडतो कोण? माणूस "पलंगाशेजारचा छोटा दिवा" शोधतो. हे मला आता कळतं. तेव्हा आम्ही दोघी दर तासाला फोनमध्ये डोकावून बघत होतो, आणि डिंक वाटीतच सुकत होता.

स्वतःचं काही चालेना तेव्हा तिने दुसऱ्याचं बघायला सुरुवात केली. हे नाटकवाल्यांचं जुनं दुखणं. धाकटीचा प्रत्येक फोटो ती उघडायची, मोठा करायची आणि खोट शोधायची. खोट सापडली की तो पडदा आपल्या एका वेगळ्या फळ्यावर टाचायची आणि खाली ती खोट लिहून ठेवायची. एक दिवस सासूबाईंपुढे सगळं मांडायचं, असा बेत. टाचलेलं चित्र म्हणजे आपल्या कपाटात घडी करून ठेवलेलं कापड, दुसऱ्या कुणाला दिसायचा प्रश्नच नाही, अशी तिची समजूत होती. एकीकडे स्वतःच्या शेडसाठी उपमा शोधण्यात तिची सकाळ जायची. दुसरीकडे हे काम मात्र तिला भाजी फोडणीला टाकून होईपर्यंत जमायचं, कारण मत्सराला शब्द शोधावे लागत नाहीत.

लिहिणंही कसं? ठिणगीच ती. "हा रंग फोटोतच बरा, प्रत्यक्षात मातकट." "धुवायला गाढवाचं ओझं." "हा लावला की भरदिवसा खोलीत डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही." मला वाचून दाखवायची, आणि मी हसायची. मी तिला थांबवायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण तिची नजर इतकी अचूक होती की दाद द्यावीशी वाटायची.

वर्ष सरत आलं आणि पडद्यांची गर्दी वाढत गेली. एक शिक्षिका मातकट रंगच हवा म्हणून आली. मुलं भिंती आणि पडदे सगळ्याला हात पुसतात, म्हणाली. ठिणगी मला जिन्यात गाठून म्हणाली, "मावशी, तिच्या खोटीसुद्धा खपतात. माझ्या चांगुलपणाला कुणी हिंग लावून विचारत नाही."

मग एका दुपारी, मी सासूबाईंपाशी बोलत बसले असताना, एक नर्स आली. रात्रपाळी संपवून, डोळे सुजलेले. सासूबाईंनी विचारलं, कुणाकडे. पडद्यांकडे, म्हणाली आणि फोन पुढे केला. हाच पडदा हवा. रोज सकाळी झोपायला जाते तेव्हा खोली लख्ख असते. इतके पडदे पाहिले, सगळे "सुंदर" आणि "मोहक". पण हा खोलीत काळोख करतो असं फक्त या एका बाईने स्पष्ट लिहिलंय, आणि धुवायला जड आहे हेही लपवलेलं नाही. अशा बाईवर विश्वास बसतो, म्हणाली.

धाकटीने फोन हातात घेतला. ते शब्द तिचे नव्हते. वर दुकानाचं नाव होतं आणि त्यापुढे "दिवे". ती वाचत गेली. मातकट, गाढवाचं ओझं, सगळं. मी मागे ठिणगीकडे पाहिलं. पार्ट विसरलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. असा चेहरा नाही पाहिला.

नर्स माप देऊन गेली.

"ताई," धाकटी म्हणाली, "तो मातकट पडदा. शिक्षिकाबाई तुमचं वाचूनच आल्या म्हणायच्या."

धाकटी आणखी वाचत होती. गेल्या काही महिन्यांत कोण काय बोलत दाराशी आलं, ते तिला एकेक आठवत असावं.

ठिणगीने हातातला चिमटा खाली ठेवला. ती सासूबाईंकडे वळून म्हणाली, "म्हणजे आई, गिऱ्हाईक मी आणलं."

सासूबाईंनी चष्मा पुसला. "आणलंस खरं, मोठे. पण कशासाठी बसून लिहिलंस ते मला विचारायला लावू नकोस. माणसं पडद्यांचं नाव घेत आली. खिडकी धाकटीची."

पुढच्या सोमवारी ठिणगीने आपले दिवे मागे नेले. मी एक हातात घेऊन मदतीला गेले. आमची कंपनी बंद पडली तेव्हा सामान असंच एकेक करून हलवलं होतं. तिने फोन उघडला. तो फळा कायमचा पुसून टाकणार होती. धाकटी दांडीवर पडदा चढवत होती, ती खाली उतरली.

"ते काढू नका, ताई."

"का? तुझी शोभा व्हायची राहिली आहे का अजून?"

"माझ्याच मालाबद्दल इतकं खरं लिहायला माझा हात धजत नाही. तुमचा धजतो."

"आणि माझ्या दिव्यांबद्दल कोण लिहिणार? मी तर नुसती कविता करते."

"मी लिहीन की." धाकटी पडद्याच्या चुण्या नीट करत राहिली. "माझ्या पोटात कमी दुखतं असं वाटतं का तुम्हाला? वर्षभर संध्याकाळी तुमचा एक दिवा लागला की रस्त्यावरचं कुणी माझ्या पडद्याकडे मान वळवत नव्हतं. घरी जाऊन मी रडले आहे."

ठिणगीने फळा तसाच ठेवून फोन बंद केला. आपलाही कुणी हेवा करत असेल, हे त्या बाईच्या गावीही नव्हतं.

धाकटीने लिहिलं, आणि हात राखून लिहिलं नाही. "याच्याखाली वाचता येत नाही, नुसता झोपेपुरता उजेड." "बुटकी शेड. उंच टेबलावर ठेवाल तर डोळ्यात जाईल." त्या "बुटकी"वरून ठिणगीने तिच्याशी अबोला धरला. मला येऊन म्हणाली, मावशी, सूड उगवला हो तिने.

अबोला चालू असतानाच एक तरुण बाप आला. खिडकीतल्या पडद्यांकडे त्याने पाहिलंही नाही.

"कुणाकडे?"

"दिव्यांकडे. वाचता न येणारा एक आहे ना तुमच्याकडे? बाळ जागं होतं हो."

सासूबाईंनी वळून न बघता अंगठा मागे केला. ठिणगीने घाईघाईने ओला हात पदराला पुसला आणि पदर डिंकाचा झाला.

खिडकी अजून धाकटीचीच आहे. दर सोमवारी फोटो निघाले की दोघी मागच्या अंधारात स्टुलावर बसतात आणि एकमेकींच्या खोटी लिहितात. उकळता चहा उतू जायच्या आत काम संपतं. हेवा गेला असं मात्र मी म्हणणार नाही. परवाच खिडकीत नवा पांढरा पडदा लागला. अप्रतिम होता. रस्त्यापलीकडून ठिणगी बराच वेळ त्याच्याकडे ओठ आवळून पाहत उभी होती. मग तिने फोन काढला आणि लिहिलं, "खालची शिवण डावीकडे वर चढली आहे."

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरले तेव्हा धाकटी खिडकीत गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून, ती शिवण उसवत होती.